रेसिपीतला हॉप मिळाला नाही तर: हॉपी एलसाठी बदली हॉप निवडायची रीत

रेसिपीत सिट्रा आणि सिमको लिहिलेलं असतं आणि फ्रीझरमध्ये सापडतात मॅग्नम, कॅस्केड, सेंटेनियल, चिनूक आणि मोझेक. ही सगळी हॉपच्या जातींची नावं; हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं. घरी बिअर बनवणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. एखाद्या वर्षी पीक कमी येतं, एखादी जात एकाएकी सगळ्यांनाच हवीशी होते. २००७-०८ मध्ये तर हॉप्सचा असा तुटवडा पडला होता की अनेक लहान ब्रुअरींना आपल्या ठरलेल्या रेसिपी बदलाव्या लागल्या. अशा वेळी बहुतेक जण बदलीचा तक्ता उघडतात: डावीकडे हवा असलेला हॉप, उजवीकडे दोन-तीन नावं. तक्ता खोटा नसतो, पण तो अर्धंच सांगतो. तुमच्या रेसिपीत तो हॉप कशासाठी घातलाय, हे तक्त्याला कुठून कळणार? चिनूक तासभर उकळला की त्यातून मुख्यतः कडवटपणा उरतो. तोच चिनूक किण्वनानंतर घातला तर ग्लासातून पाइनच्या जंगलाचा वास येतो. दोन्ही ठिकाणी त्याची बदली एकच असायचं काही कारण नाही.

म्हणून मी नावाला नाव जोडत बसत नाही. हॉप कुठल्या वेळी पडतोय आणि तिथे काय करतोय, हे आधी पाहतो. कडवटपणाची बदली कागदावर आकडेमोड करून होते. सुगंधाची बदली नाकाने होते, आणि ती बहुधा एका हॉपने भागत नाही.

आधी रेसिपीची फोड करा

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर चालवू. २० लिटरची अमेरिकन धाटणीची आयपीए, म्हणजे भरपूर हॉपची एल बिअर, सुरुवातीची (किण्वनाआधीची) घनता १.०६०. हॉप्स असे (मिनिटं म्हणजे हॉप किती वेळ उकळतो ते, अल्फा म्हणजे त्यातल्या कडवट आम्लांचं प्रमाण):

६० मिनिटं: कोलंबस २० ग्रॅम, अल्फा १५ टक्के
१० मिनिटं: सिमको २० ग्रॅम, अल्फा १३ टक्के
आच बंद केल्यावर ८० अंशांना अर्धा तास: सिट्रा ४० ग्रॅम, सिमको ३० ग्रॅम
ड्राय हॉपिंग (न उकळता, फर्मेंटरमधल्या बिअरमध्ये): सिट्रा ६० ग्रॅम, सिमको ४० ग्रॅम

कोलंबस, सिमको, सिट्रा यांपैकी काहीच हाताशी नाही असं धरू. आता प्रत्येक ओळीसमोर तिचं काम लिहा. पहिली ओळ निव्वळ कडवटपणाची. दुसरी दोन्हीकडची: थोडा कडवटपणा, थोडी चव. तिसरी चव आणि सुगंधाची, चौथी जवळजवळ पूर्ण सुगंधाची. सिमको तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचं काम वेगळं आहे, त्यामुळे त्याच्या जागी तीन वेगळे हॉप आले तरी बिघडत नाही.

६० मिनिटांची ओळ: इथे फक्त हिशोब

हॉपमधली अल्फा आम्लं उकळीत आपली रचना बदलतात आणि मग पाण्यात विरघळतात. बिअरचा कडवटपणा मुख्यतः त्यांचाच. तासभर उकळलं की सुगंधी तेलं जवळपास सगळी वाफेबरोबर निघून जातात. म्हणून इथे जातीला फारसं महत्त्व नाही, अल्फाच्या टक्केवारीला आहे. सूत्र साधं:

नवं वजन = जुनं वजन × जुना अल्फा ÷ नवा अल्फा

आपल्याकडे मॅग्नम आहे, पाकिटावर अल्फा १२.५ टक्के. २० × १५ ÷ १२.५ म्हणजे २४ ग्रॅम. पहिली ओळ झाली.

आकडा मात्र पाकिटावरचा घ्यायचा, पुस्तकातला नाही. एकाच जातीचा अल्फा शेतागणिक आणि पीकवर्षागणिक बदलतो. कॅस्केड कधी साडेचार टक्के असतो, कधी सात किंवा त्याच्याही वर. रेसिपी लिहिणाऱ्याने अल्फा दिलाच नसेल, तर त्या जातीच्या नेहमीच्या पल्ल्याचा मध्य धरा.

या जागेसाठी मॅग्नम किंवा वॉरियर मला सगळ्यांत बिनधोक वाटतात. त्यांचा कडवटपणा स्वच्छ असतो आणि मागे फारसं काही सोडत नाही. चिनूक आणि कोलंबस तासभर उकळूनही किंचित राळेची, मिरीची छटा ठेवतात. हॉपी एलमध्ये ती खपून जाते, कधीकधी शोभूनही दिसते. अल्फा फार कमी असलेला हॉप इथे घालायला माझा विरोध आहे. वरचा हिशोब ६ टक्क्यांच्या कॅस्केडने केला तर ५० ग्रॅम लागतील. चवीत गवताळपणा येण्याची शक्यता वाढते, भांड्याच्या तळाशी गाळ वाढतो, गाळ वर्ट (अजून न आंबलेला माल्टचा रस) पिऊन टाकतो आणि चांगला सुगंधी हॉप वाफेवर उडून जातो तो वेगळाच.

कोह्युम्युलोनचं (अल्फा आम्लांपैकी एकाचं) प्रमाण जास्त असलेला हॉप बोचरा कडवटपणा देतो, असं जुन्या लिखाणात वारंवार येतं. यावर एकमत नाही. घरच्या बॅचमध्ये त्यावर डोकं शिणवण्यापेक्षा वजनकाटा एका ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो की नाही, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

१० मिनिटांची ओळ: दोन पारड्यांचा हिशोब

चुका सर्वांत जास्त होतात त्या इथे. शेवटच्या पंधरा मिनिटांत पडणारा हॉप चव देतो, पण कडवटपणाही देतो. वजन तेच ठेवलं तर कडवटपणा बदलतो. कडवटपणा तोच ठेवायला वजन बदललं तर चव बदलते. यातून मार्ग एकच: या ओळीत वजन चवीच्या अंदाजाने ठरवायचं आणि कडवटपणातला फरक ६० मिनिटांच्या ओळीत फिटवायचा.

त्यासाठी टिन्सेथचं सूत्र पुरतं; ते कडवटपणा आयबीयू या एककात काढतं. घरच्या वापरासाठी त्याचं सुटसुटीत रूप असं:

आयबीयू = ग्रॅम × अल्फा टक्के × १० × उतारा ÷ लिटर

उतारा म्हणजे अल्फा आम्लांचा किती भाग बिअरमध्ये उतरला तो. १.०६० घनतेच्या वर्टसाठी तो ६० मिनिटांना ०.२१, ३० मिनिटांना ०.१६, १५ ला ०.१०, १० ला ०.०७६ आणि ५ मिनिटांना ०.०४ च्या आसपास येतो. वर्ट पातळ असेल तर थोडा जास्त: १.०५० ला ६० मिनिटांचा उतारा ०.२३.

आता मूळ रेसिपीतला सिमको: २० × १३ × १० × ०.०७६ ÷ २० म्हणजे साधारण १० आयबीयू. त्याच्या जागी मी कॅस्केड २५ ग्रॅम घेतो, अल्फा ६.५ टक्के. कॅस्केडमध्ये तेल कमी असतं, म्हणून वजन जरा वाढवलं. त्याचा कडवटपणा येतो ६.२. तूट ३.७ आयबीयूची. ती मॅग्नमने भरायची: ३.७ × २० ÷ (१२.५ × १० × ०.२१), म्हणजे २.८ ग्रॅम. थोडक्यात ६० मिनिटांना २४ ऐवजी २७ ग्रॅम मॅग्नम.

तीन ग्रॅमसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. मग उलटी बदली करून पाहा. जुन्या पद्धतीच्या पेल एलमध्ये १० मिनिटांना ६ टक्क्यांचा कॅस्केड ६० ग्रॅम आहे आणि तुमच्याकडे १३ टक्क्यांचा सिट्रा. वजन तेच ठेवलं तर या एका ओळीचा कडवटपणा १४ वरून ३० आयबीयूवर जातो. चाळीस आयबीयूची बिअर छप्पनची होते, आणि मग "सिट्रा कडू निघाला" अशी तक्रार ऐकू येते. हिशोब मांडला असता तर ६० मिनिटांचा हॉप कमी करून हे आधीच सावरलं असतं. किंवा सिट्रा ३० ग्रॅमच घातला असता. त्यात तेल कॅस्केडच्या दुपटीच्या आसपास असतं, त्यामुळे चवीला तेवढाही पुरला असता.

सुगंध: इथे तक्ता बाजूला ठेवा

हॉप्सचे तक्ते बरेचदा वंशावळीवर आणि सवयीवर बेतलेले असतात, आणि वंशावळ फसवते. कॅस्केडच्या पूर्वजांत इंग्लंडचा फगल आहे. पण १९७२ मध्ये बाजारात आलेल्या कॅस्केडचा ग्रेपफ्रूट आणि फुलांचा वास फगलच्या मातकट, लाकडी वासापासून मैलभर दूर आहे. मोझेक ही सिमकोची लेक. सिमकोचा पाइन तिच्यात डोकावतो खरा, पण पुढे येतो तो आंबा आणि ब्लूबेरी. नावंही फसवतात. स्टायरियन गोल्डिंग्ज मुळात गोल्डिंग्ज नाहीच. स्लोव्हेनियात नेऊन लावलेला तो फगल आहे. त्याच्या जागी ईस्ट केंट गोल्डिंग्ज घातला तर बिअर चांगली होईल, पण वेगळी होईल.

वासाच्या घराण्यांवरून विचार केला की वाट सापडते. हॉपी एलला लागणारी घराणी मोजकीच आहेत.

लिंबूवर्गीय आणि फुलांच्या घराण्यात कॅस्केड, सेंटेनियल, अमरिलो. या घराण्यातली बदली सगळ्यांत सोपी. कॅस्केडच्या जागी सेंटेनियल घेताना वजन दोन-तृतीयांश करा. तो जास्त तीव्र असतो आणि अल्फा ९ ते ११ टक्के असतो. अमरिलोची संत्र्याच्या सालीची आणि जर्दाळूची गोडसर बाजू मात्र या दोघांत नाही. ती हवी असेल तर कॅस्केडमध्ये थोडा मंडारिना बव्हेरिया मिसळा.

पाइन आणि राळेच्या घराण्यात चिनूक, कोलंबस, सिमको. कोलंबस, टोमाहॉक आणि झ्यूस ही तीन नावं व्यवहारात एकच धरतात, पाकिटावर सीटीझेड असंही दिसेल. त्यांच्यात अदलाबदल करताना विचारच करू नका. चिनूकमध्ये पाइनबरोबर ग्रेपफ्रूट आणि मसाल्याची झाक असते. कोलंबस जास्त दाट, काळ्या मिरीकडे झुकणारा. काही पिकांत तो कांदा-लसणाकडेही जातो, म्हणून पाकीट उघडून हुंगल्याशिवाय ड्राय हॉपिंगला घालू नये. सिमको या घराण्यातला असूनही अर्धा बाहेरचा: पाइन आहे, माती आहे आणि त्याखाली पॅशनफ्रूट आणि बेरीचा गोडवा आहे. एकटा चिनूक सिमकोची जागा घेऊ शकत नाही तो यामुळेच. पाइन मिळतो, फळ मिळत नाही.

उष्ण कटिबंधातल्या फळांचं घराणं म्हणजे सिट्रा, मोझेक, गॅलेक्सी, एल डोराडो, व्हिक सीक्रेट, अझाका. सध्या जवळपास प्रत्येक नव्या रेसिपीत यांच्यापैकी कुणीतरी असतोच. सगळ्यांना एकजात "ट्रॉपिकल" म्हटलं जातं, पण प्रत्येकाचा रोख वेगळा. सिट्रात लिंबाची धार, लिची आणि आंबा. गॅलेक्सीत पॅशनफ्रूट आणि पीच, तेही जोरात. एल डोराडो अननसाच्या गोळीसारखा गोड. मोझेकमध्ये आंब्यामागे बेरी आणि थोडा पाइन. सिट्रा काढून निव्वळ एल डोराडो घातला तर आंबट धार जाते आणि बिअर गोडसर, सुस्त वाटते, जरी साखर तेवढीच असली तरी.

चौथं घराणं पांढऱ्या वाइनचं: न्यूझीलंडचा नेल्सन सोव्हिन आणि त्याच्या जवळ जाणारा जर्मनीचा हालरटाउ ब्लांक. इथे पर्याय कमी, त्यामुळे नेल्सनवरच उभी असलेली रेसिपी सरळ पुढे ढकललेली बरी.

इंग्लिश घराण्यात फगलच्या जागी विलॅमेट बिनदिक्कत घ्या, ती त्याचीच अमेरिकन लेक आहे आणि या वेळी वंशावळ खरं बोलते.

काही हॉप मात्र कुणाचीच बदली होऊ शकत नाहीत: सोराची एस, ज्यात लिंबाबरोबर शेपूचा वास येतो, आणि साब्रो, ज्यात नारळ आणि पुदिना असतो. तक्त्यात यांची नावं कुणाच्या शेजारी दिसली तरी दुर्लक्ष करा.

असं का होतं, थोडक्यात

हॉपच्या तेलात सगळ्यांत मोठा वाटा बहुधा मायर्सिनचा असतो. तो राळेसारखा, हिरवा, आणि उकळीत झपाट्याने उडणारा. लिनालूल आणि जेरॅनिऑल फुलांकडे, लिंबूवर्गाकडे झुकतात आणि बिअरमध्ये जास्त टिकतात. यीस्ट जेरॅनिऑलचा काही भाग सिट्रोनेलॉलमध्ये बदलतं, आणि मग गुलाबी वासाला लिंबाची छटा येते. कॅस्केड, सेंटेनियल, मोझेक हे जेरॅनिऑलने संपन्न हॉप आहेत. म्हणून किण्वन पूर्ण संपायच्या आत त्यांतला थोडा भाग फर्मेंटरमध्ये गेला तर बदलीच्या बिअरमध्येही एक रसाळपणा येतो.

दुसरा भाग थायॉल या गंधकयुक्त संयुगांचा. ती लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढी असली तरी नाकाला कळतात. पॅशनफ्रूट, काळं करंट, ग्रेपफ्रूट हे वास त्यांच्यामुळे येतात. सिट्रा, सिमको, मोझेक आणि नेल्सन सोव्हिन यांचं वेगळेपण बऱ्याच अंशी यांच्यात आहे, आणि पाकिटावर छापलेल्या एकूण तेलाच्या आकड्यात ते दिसत नाही. तेलाचे आकडे जुळवून सिट्राच्या जागी एखादा स्वस्तसा जुना हॉप बसवणारे हिशोब फसतात ते याच जागी. थायॉलचा वास हवा असेल तर मिश्रणात या चौघांपैकी निदान एक तरी असावा.

मिश्रण बांधा

हव्या असलेल्या हॉपचे तीन शब्दांत वर्णन करा. सिट्रा: आंबा, लिची, लिंबू. आता प्रत्येक शब्दासाठी हाताशी काय आहे ते पाहा. आंब्यासाठी मोझेक आहे. लिंबासाठी सेंटेनियल. लिचीला कुणी नाही, ती सोडून द्यायची. सिमको: पाइन, बेरी, माती. पाइनला चिनूक, बेरीला पुन्हा मोझेक. म्हणजे तीन हॉपमध्ये दोघांचं काम बऱ्यापैकी भागतं.

प्रमाण ठरवताना ज्याच्यावर बिअरची ओळख उभी आहे त्याला निम्मं द्या. धार देणाऱ्याला साधारण तीन-दशांश. चिनूक, कोलंबस, गॅलेक्सी असे आवाज चढवणारे हॉप पाचव्या हिश्शात ठेवा. एका ओळीत तीनपेक्षा जास्त जाती नकोत. चार-पाच एकत्र केल्या की कुठलाच वास ओळखू येत नाही, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं तेही समजत नाही.

माझ्या अनुभवात चालणारी आणखी काही मिश्रणं: एकट्या सिमकोसाठी चिनूक आणि अमरिलो, अमरिलो थोडा जास्त. गॅलेक्सीसाठी व्हिक सीक्रेट, वजन तेच. मोझेकसाठी सिमको आणि एल डोराडो निम्मे-निम्मे. नेल्सनसाठी हालरटाउ ब्लांकमध्ये चिमूटभर सिट्रा, पण ही तडजोड आहे हे मनाशी धरून.

हवा असलेला हॉप अगदीच नाही असं नसतं. बरेचदा तो थोडा असतो. ३० ग्रॅम सिट्रा उरलाय आणि लागतो १००. तो तीन ओळींत वाटून टाकू नका. सगळा ड्राय हॉपिंगला ठेवा, कारण नाकापर्यंत सगळ्यांत जास्त तिथलाच वास पोहोचतो. बदली हॉप उकळीत आणि ८० अंशांच्या ओळीत खपवा.

बॅच लावण्याआधी नाकाची परीक्षा

पाकीट उघडा, दोन-तीन पेलेट (दळून दाबलेल्या हॉपच्या गोळ्या) तळहातावर चुरा, चोळा आणि हुंगा. चीज, घामट मोजे, जुनी ओली पुठ्ठ्याची पेटी यांपैकी काहीही आठवलं तर तो हॉप सुगंधासाठी बाद. जातीपेक्षा ताजेपणा मोठा: ताजा कॅस्केड शिळ्या सिट्रापेक्षा केव्हाही चांगली बिअर देतो. पाकिटावर पीकवर्ष पाहा. उत्तर गोलार्धातली तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. त्यामुळे एकाच वर्षाचा शिक्का असलेल्या दोन पाकिटांत सहा महिन्यांचं अंतर असू शकतं. उघडलेलं पाकीट हवा काढून, सीलबंद करून उणे १८ अंशांना ठेवा. खोलीच्या तापमानाला पडून राहिलेल्या हॉपचा अल्फाही छापल्यापेक्षा कमी झालेला असतो.

मिश्रणाबद्दल खात्री नसेल तर बाटलीतली चाचणी करा. फिकट, गाळलेल्या, फारशा चव नसलेल्या लागरच्या बाटल्या चांगल्या थंड करा. झाकण काढून ३३० मिलिलिटरमागे दीड ग्रॅम पेलेट टाका आणि लगेच नवं झाकण ठोका. फेस उसळतो, म्हणून बाटली बर्फगार हवी आणि खाली ताट हवं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, मधून एकदा हलक्या हाताने उलटी करा, मग गाळून चाखा. एका बाटलीत मोझेक-सेंटेनियल, दुसरीत मोझेक-चिनूक, तिसरीत तिन्ही. नुसत्या गरम पाण्यात हॉप भिजवूनही अंदाज येतो, पण तिथे कडवट, पालेदार चव पुढे येते आणि फळ मागे राहतं. मला ती चाचणी फारशी पटत नाही.

पेलेट, आख्खी फुलं, क्रायो

रूप बदललं तर वजनही बदलतं. आख्ख्या फुलांच्या जागी पेलेट घेताना उकळीतलं वजन दहा टक्क्यांनी कमी करा. क्रायो म्हणजे पानांचा बराचसा भाग काढून राहिलेलं ल्युप्युलिन, म्हणजे तेलं आणि अल्फा आम्लं असलेली पिवळी पूड; साध्या पेलेटच्या जागी ते निम्म्या वजनाने घ्या. क्रायो ६० मिनिटांच्या उकळीत घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

आता रेसिपी नव्याने लिहा

६० मिनिटं: मॅग्नम २७ ग्रॅम
१० मिनिटं: कॅस्केड २५ ग्रॅम
८० अंशांना अर्धा तास: मोझेक ३५, सेंटेनियल २०, चिनूक १५ ग्रॅम
ड्राय हॉपिंग: मोझेक ५०, सेंटेनियल ३०, चिनूक २० ग्रॅम

८० अंशांच्या ओळीत कडवटपणाचा हिशोब मी केला नाही. त्या तापमानाला अल्फा आम्लं फार सावकाश बदलतात, आणि जुन्या-नव्या हॉप्सचे अल्फा इतके दूर नाहीत की फरक जिभेला कळेल. तुम्ही मात्र आच बंद करताक्षणी, ९५ अंशांच्या पुढे हॉप घालणार असाल तर ती ओळ १० मिनिटांच्या उकळीसारखी मोजा.

ड्राय हॉपिंग १०० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ५ ग्रॅम. बदली हॉप कमजोर वाटतोय म्हणून हा आकडा दुप्पट करायचा मोह होतो. लिटरमागे ४ ते ८ ग्रॅम या पट्ट्याच्या वर गेल्यावर वास त्या मानाने वाढत नाही. वाढतो तो चहापत्तीसारखा, पालेदार तुरटपणा. शिवाय अल्फाचा काही भाग साठवणीत ऑक्सिजनमुळे बदललेला असतो आणि तो न उकळताच विरघळतो, त्यामुळे ड्राय हॉपिंगनेही थोडा कडवटपणा येतो. दोन-तीन दिवस पुरे. आठवडाभर हॉप बुडवून ठेवण्यात काही कमाई नाही.

एक गोष्ट मात्र टाळता येणार नाही. हॉपमध्ये अशी विकरं असतात जी वर्टमधली न आंबणारी शर्करा तोडून यीस्टला खायला देतात. ड्राय हॉपिंगनंतर किण्वन पुन्हा हलकंसं सुरू होऊ शकतं, आणि हॉप वाढवला की हे प्रमाण वाढतं. लागोपाठ दोन-तीन दिवस घनता स्थिर दिसल्याशिवाय बाटल्या भरू नका, नाहीतर दाब वाढून बाटली फुटू शकते. लोण्यासारखा वास येत असेल तर यीस्टला आणखी काही दिवस द्या.

घरात कुत्रा असेल तर वापरलेल्या हॉपचा गाळ त्याच्या तोंडाला लागेल असा टाकू नका. हॉप कुत्र्यांना विषारी आहे, शरीराचं तापमान जिवावर बेतेल इतकं चढतं.

पहिल्या बदलीच्या वेळी माल्ट, पाणी, यीस्ट जसंच्या तसं ठेवा. सगळंच एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

चाखल्यावर

सुगंध अपुरा वाटला आणि बिअर केगमध्ये (दाबाच्या पिंपात) असेल, तर लिटरमागे १ ते २ ग्रॅम हॉप जाळीच्या पिशवीतून आणखी घालता येतो. झाकण शक्य तितकं कमी वेळ उघडा आणि वरची हवा कार्बन डायऑक्साइडने काढून टाका, कारण ऑक्सिजन लागला की आहे तोही सुगंध जातो. कडवटपणा कमी पडला तर आधीच रूपांतर झालेल्या अल्फा आम्लांचा द्रव अर्क मिळतो, तो थेंबाथेंबाने ग्लासात मोजून पाहा आणि मग बॅचला लावा. कडवटपणा जास्त झाला तर काढून घेता येत नाही. कमी कडू बॅच बनवून दोन्ही मिसळणं किंवा काही आठवडे थांबणं, एवढेच दोन मार्ग. थांबण्यात सुगंधही उतरतो, म्हणून हॉपी एलसाठी मला पहिला मार्ग बरा वाटतो.

नोंदवहीत नुसतं "मोझेक ५० ग्रॅम" लिहून भागत नाही. पीकवर्ष, अल्फा, पाकीट उघडल्याची तारीख आणि चुरल्यावर आलेला वास, हे चारही लिहा. या बॅचमध्ये चिनूक पुढे आला असेल तर पुढच्या वेळी ड्राय हॉपिंगमधला त्याचा वाटा २० वरून १२ ग्रॅमवर आणा आणि ते ८ ग्रॅम सेंटेनियलला द्या.